बद्द

"ठीक आहे," मी म्हणाले फोनवर,
तीन वर्षं म्हणत आले तसंच.
पलीकडे भुसावळात नुसता पंखा ऐकू आला.
मग आप्पा म्हणाले, "परत म्हण."

"काय परत म्हणू?"
"तेच."
म्हणाले. आणि पहिल्यांदा
मलाही ऐकू गेलं.

आप्पा चाकं वाजवायचे,
एकतीस वर्षं, रात्रपाळ्याच जास्त.
गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन
एकेका चाकावर एक ठोका.
धड चाक टण्ण बोलतं, त्या आवाजाला शेपूट असतं.
तडा गेलेलं बद्द वाजतं, फुटक्या माठासारखं,
जागच्या जागी संपतं.
तडा दिसत नाही. केसाहून बारीक,
वंगणाखाली, काळ्या धुळीखाली.
"मग कळतं कसं?"
"कानाला आधी कळतं. मला मागून."

रावेरहून केळी भरून आलेल्या वाघिणी
एकदा त्यांनी अडवल्या.
कागदावर सगळं बरोबर.
साहेब घड्याळ दाखवतायत, केळी मे महिन्यात उकडतायत,
आणि आप्पांकडे कारण नाही, फक्त एक आवाज.
चाक काढलं. तडा निघाला, बोटभर.

ही गोष्ट ते कधी एकटी सांगत नाहीत.
लगेच दुसरी सांगतात:
आजी सिव्हिलमध्ये होती, तीन रात्री झोप नव्हती,
तेव्हा प्रत्येक चाक बद्द वाजायचं.
दोन गाड्या थांबवल्या. काही निघालं नाही.
"ते चाक नव्हतं बोलत. भेव बोलत होतं."
फरक कसा ओळखायचा, विचारलं,
तर चहा बशीत ओतून बराच वेळ फुंकत बसले.
"भेव घाई करतं. आत्ता थांबव, आत्ता.
दुसरा घाई करत नाही.
निजून ये, जेवून ये, परत ठोक,
तो तेच सांगतो."

मी एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात हिशेब ठेवते.
माझेही कागद बरोबर होते:
पगार, हप्ता, वाढदिवसांचे केक.
फक्त सकाळी स्कूटी लावल्यावर
हेल्मेट काढायला हात तयार नसत.
दहा मिनिटं, कधी वीस,
काचेमागे एक बाई श्वास मोजत बसायची.
त्याला मी ऊन म्हटलं. पित्त म्हटलं.
शेवभाजीची तर्री म्हटलं. हसू नका,
दोन महिने मी खरंच शेवभाजी सोडली होती.

फोन ठेवला त्या रात्री
अंधारात म्हणून पाहिलं: ठीक आहे.
दुसऱ्या दिवशी जेवून, झोपून, म्हणाले.
चार दिवसांनी म्हणाले.
घाई नव्हती त्याला कसली. तेच सांगत होतं.

रिंग रोडला एका जिन्याखाली चपलांचा ढीग असतो,
वर डॉक्टर भारंबे बसतात.
मला कारण सांगता येईना, म्हणून आवाज सांगितला.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
"कुठे वाजतं?"
मी हात ठेवला, बरगड्यांच्या मध्ये, जरा डावीकडे.
तीन वर्षांत त्या जागेला कोणी काही विचारलं नव्हतं.
मीसुद्धा नाही.

गोळी चालू आहे, अर्धी. मंगळवारी जाते.
नोकरीचं अजून ठरलेलं नाही.
चाकं तपासायला आता यंत्रं आलीत म्हणे,
आप्पांना त्याचं वाईट वाटत नाही.
"दोघांनी ऐकावं," म्हणतात.

रविवारी गेले होते. भरताचा धूर अजून घरात होता.
"कशी आहेस?" त्यांनी घास चावत विचारलं.
"बरी नाही अजून."
त्यांचं चावणं थांबलं.
त्या चार अक्षरांचं शेपूट
कुठवर जातं ते ऐकत राहिले.
"हां," म्हणाले, "हे धड वाजलं."
आणि कळण्याची भाकरी मोडून
अर्धी माझ्या ताटात टाकली.